फवारणीनंतरचे महिने

ढेकणांची फवारणी झाली की घरातलं प्रत्येक माणूस एकच विचारतं, ‘गेले ना आता?’ फवारणी करायला आलेल्या दादांनी हातमोजे काढता काढता मला त्याचं खरं उत्तर दिलं होतं. “ताई, चालते-फिरते मेले. अंडी औषधाला दाद देत नाहीत. पुढचे दोन-तीन महिने तुमचे.” त्याच महिन्यांबद्दल लिहिते आहे. ढेकूण मारायचे कसे हे सांगणारे खूप भेटतात. मारल्यावर ते परत येऊ नयेत म्हणून काय करायचं, हे त्या वेळी मला कोणी नीट सांगितलं नाही. आणि डोंबिवलीतल्या आमच्यासारख्या जुन्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या सोसायटीत खरा प्रश्न तोच असतो.

आधी अंड्यांचं. मादी दिवसाला 1 ते 5 अंडी घालते. अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं, पांढुरकं. लाकडाला किंवा कापडाला ते चिकट द्रवाने पक्कं धरलेलं असतं, म्हणून झाडूने झटकून पडत नाही. आपल्या हवेत ते साधारण 6 ते 10 दिवसांत फुटतं. बाहेर आलेल्या पिल्लाने रक्त प्यायलेलं नसेल तर ते जवळजवळ पारदर्शक असतं, पांढऱ्या चादरीवर नजरेला पडत नाही. मोठं होईपर्यंत ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं. दीड-दोन महिन्यांत ते स्वतः अंडी घालायला लागतं. दुसरी फवारणी दोन आठवड्यांच्या आसपास ठेवतात ती एवढ्यासाठी की तोवर अंडी फुटून झालेली असावीत, पण एकही पिल्लू अंडी घालण्याएवढं मोठं झालेलं नसावं. पहिल्या फवारणीनंतर चावणं थांबतं आणि बरेच लोक दुसऱ्या फेरीला ‘नको, आता काही नाही’ म्हणून टाळतात. कृपा करून टाळू नका. पैसे दोन्ही फेऱ्यांचे दिलेले असतात आणि खरं काम दुसरीच करते.

पहिल्या रात्रीचा प्रश्न झोपायचं कुठे हा होता. औषध वाळलं, खिडक्या उघडून घर मोकळं केलं, तरी त्या पलंगावर पाठ टेकायला जीव होईना. हॉलमध्ये सतरंजी टाकावी असंच सगळ्यांच्या मनात होतं. दादांनी मात्र बजावून सांगितलं होतं की जिथे रोज झोपता तिथेच झोपा. ढेकूण माणसाच्या अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांच्या मागावर येतो. माणूस हॉलमध्ये गेला की भुकेला ढेकूण एक तर त्याच्या मागे हॉलमध्ये जातो, नाही तर फटीत दबून बसतो. रक्ताशिवाय तो महिनोन्‌महिने काढू शकतो. पलंगावर माणूस असलं तर त्याला फटीतून निघून औषध मारलेल्या लाकडावरून चालत यावं लागतं, आणि औषध तिथेच त्याला गाठतं. सासूबाईंना दमा आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून त्यांना काही दिवस नणंदेकडे पाठवलं, तेही त्यांची पिशवी आणि कपडे गरम पाण्यातून काढूनच. आम्ही दोघे त्याच पलंगावर झोपलो. सुरुवातीच्या रात्री झोप लागली नाही, पण जागा सोडली नाही.

दुसरी ताकीद फरशी पुसण्याबद्दल होती. भिंतीच्या कडेने, पलंगाखाली, दाराच्या चौकटीपाशी जो औषधाचा थर राहतो तोच पुढचे काही आठवडे काम करत असतो. फिनेल टाकून घर लख्ख पुसलं की तो थर निघून जातो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी हे समजावून सांगितलं. त्या खोलीच्या मधला भाग पुसायच्या आणि भिंतीपासून हातभर जागा सोडायच्या. घरात रांगतं मूल असेल तर मात्र हा हिशेब वेगळा, तो फवारणीच्या आधीच त्या माणसाशी बोलून ठरवायला हवा.

कपड्यांना उष्णता हाच एक खात्रीचा उपाय आहे. 60 अंशांच्या पाण्यात धुतलेल्या कपड्यातलं सगळं मरतं, अंड्यांसकट. पाणी गरम करणाऱ्या वॉशिंग मशीनवर ते बटण असतं, आपण वीज वाचवायला कधी वापरत नाही. आम्ही चादरी, अभ्रे, पलंगपोस, पडदे सगळं त्यात काढलं आणि धुतलेलं लगेच जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडं बांधून टाकली, म्हणजे धुतलेलं आणि न धुतलेलं एकत्र येणार नाही. पैठणीसारखं जे धुता येत नाही ते कपाटातून काढून घडी घडी उलगडून पाहिलं. शिवणींवर कपड्यांचा स्टीमर अगदी सावकाश फिरवला. भरभर फिरवला तर वाफ आत पोचत नाही आणि जोराच्या वाफेने ढेकूण उडून दुसरीकडे पडतो.

उन्हाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे पहिला सल्ला तोच मिळतो. ढेकूण उन्हाने मरतो हे खरं, पण तो ज्या ठिकाणी बसला आहे तिथलं तापमान 50 अंशांच्या वर गेलं तर काही मिनिटांत मरतो. 45 अंशांना मोठ्या ढेकणाला तास-दीड तास लागतो आणि अंड्यांना त्याहून कितीतरी जास्त. जाड गादी गच्चीत टाकली की वरची बाजू चटके देते आणि खालची बाजू थंडच राहते. ढेकूण तेवढा वेळ खाली सरकून बसतो. काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली तरी जाड गादीच्या बाबतीत हेच होतं. पातळ वस्तू, म्हणजे चपला, रिकामी बॅग, दप्तर, काळ्या पिशवीत घालून भर उन्हात पालटत ठेवली तर उपयोग होतो. मुलाच्या काही जुन्या वह्या मात्र मला उन्हात टाकायच्या नव्हत्या. त्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवल्या. उणे 18 अंशांना चार दिवस असा त्याचा नियम आहे. फ्रीझर खरोखर तेवढा थंड होतो का, हे आधी थर्मामीटर ठेवून बघावं लागतं.

आता पलंग. आमचा बॉक्सबेड होता, प्लायचा, खाली सामान भरायचे कप्पे असलेला, थेट जमिनीला टेकलेला. ढेकणाला याच्यापेक्षा सोयीचं घर नाही. प्लायच्या कडा सनमायकाने झाकलेल्या नसतात, स्क्रूची भोकं उघडी असतात, कप्प्यांत वर्षानुवर्षं न हलवलेल्या दुलया असतात. दुसऱ्या फवारणीनंतर सुतार बोलावला. पलंग टाकून द्यावा असं घरात सगळ्यांचं मत होतं. मला ते पटलं नाही. असा पलंग खाली ठेवला की कुणीतरी उचलून घरी नेतं आणि त्याच्यासोबत ढेकूणही नेतं. सुताराने कप्पे काढून टाकले, सगळी भोकं आणि सांधे पुट्टी भरून घासले, प्लायच्या उघड्या कडांना पट्ट्या मारल्या आणि खाली चार लोखंडी पाय लावले. काढलेल्या फळ्या तिथेच मोडून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वर मोठ्या अक्षरांत ‘ढेकूण आहेत’ असं लिहूनच कचऱ्याला दिल्या. पलंगाखाली आता काही ठेवत नाही. दुलया ठेवायला जागा नाही ही अडचण खरी आहे. त्यांतल्या निम्म्या दुलया कुणी कधी वापरत नव्हतं हेही खरं.

पलंग भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. चादर जमिनीला टेकणार नाही अशी खोचायची सवय लावली. आणि पायांखाली वाट्या आल्या. बाहेरच्या देशांत यासाठी तयार भांडी मिळतात. त्यांच्या आतल्या गुळगुळीत बाजूवरून ढेकणाला चढता येत नाही असा त्यामागचा विचार आहे. पण आपल्याकडे सर्रास आढळतो तो उष्ण प्रदेशातला ढेकूण, सायमेक्स हेमिप्टेरस, आणि तो थंड देशांतल्या भावंडापेक्षा गुळगुळीत पृष्ठभागावर चांगला चढतो. हे कळल्यावर मी नुसत्या वाट्यांवर भिस्त ठेवली नाही. रुंद वाडगा, त्यात उपडी स्टीलची वाटी, वाटीवर पलंगाचा पाय, आणि वाडग्यात साबणाचं पाणी. साबणामुळे ढेकूण तरंगत नाही, बुडतो. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं, कारण डोंबिवलीत साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. या वाडग्यांनी ढेकूण अडतात हा एक फायदा. मोठा फायदा हा की घरात अजून काही आहे का, हे ते सांगतात.

गादीवरून सासूबाईंचा आणि माझा वाद झाला. गादी कापसाची, त्यांच्या लग्नातली, दर काही वर्षांनी पिंजून नवी खोळ घातलेली. मी ती पिंजायला द्यायला तयार नव्हते. गादीवाल्याच्या दुकानात दहा घरांचा कापूस एकत्र असतो. आमचे ढेकूण दुसऱ्याच्या गादीत गेले असते, नाही तर दुसऱ्याचे आमच्या. शेवटी गादी ठेवली. गोट आणि शिवणींवर स्टीमर फिरवला आणि पूर्ण गादीला सहा बाजूंनी बंद होणारं, बारीक चेनचं आवरण चढवलं. चेनच्या टोकाला जी बारीकशी फट राहते तिथे चिकटपट्टी लावली. आत काही राहिलं असेल तर ते बाहेर येऊन चावू शकत नाही, उपाशी मरतं. पण त्यासाठी आवरण निदान वर्षभर काढायचं नाही आणि फाटू द्यायचं नाही.

त्या वादातच सासूबाईंनी त्यांच्या लहानपणीच्या गिरगावातल्या चाळीबद्दल सांगितलं. ढेकूण तिथे घरोघरी होते आणि त्याची कुणाला लाज नव्हती. सुट्टीच्या सकाळी कुणीतरी खाट खाली चौकात आणायचं, फळ्या सुट्या करून आपटायचं, फटींत उकळतं पाणी ओतायचं. “आणि एकाने खाट खाली आणली की सगळे आणायचे गं. आपल्याच घरचे मारून काय उपयोग, शेजारचे येणारच की.” त्या वेळी मी हे नुसतं ऐकलं. पुढे त्याचाच उपयोग झाला.

मधल्या काळात सल्ले फार आले. कापूर, डांबराच्या गोळ्या, रॉकेल, आणि ‘पूर्वीचं ते ढेकणांचं औषध, टिक-ट्वेंटी, मिळालं तर बघ’. ज्वालाग्राही गोष्टी पलंगावर ओतायच्या नाहीत, एवढं सांगून मी ते संपवलं. दुकानातल्या स्प्रेचा डबा रोज रात्री गादीखाली मारणं हेही मी थांबवलं, याचं कारण सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने ढेकूण संपतील असं जगाला वाटलं होतं. 1947 मध्येच हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरमधल्या नौदलाच्या बराकींत डीडीटीने न मरणारे ढेकूण आढळले. आज घरगुती स्प्रेमध्ये बहुतेक पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात, आणि त्यांनाही न जुमानणारे ढेकूण जगभर आहेत. अशा स्प्रेने ते मरत नाहीत, पांगतात. पलंगातले ढेकूण भिंतीत, देव्हाऱ्यामागे, शेजारच्या घरात जातात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. धान्यात टाकायच्या ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी घरात कधीही ठेवू नका आणि कोणा फवारणीवाल्याला ठेवू देऊ नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत, शेजारच्या घरात जातो आणि त्यावर नेमका उतारा नाही. मुंबई-पुण्याकडे अशाने माणसं, लहान मुलं दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ‘एका रात्रीत साफ, घर बंद करून बाहेरगावी जा’ असं कोणी म्हणालं की औषधाचं नाव विचारा, डबा दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर दारातूनच परत पाठवा.

आता तपासणीकडे येते. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी. हातात टॉर्च, एक जुनं एटीएम कार्ड आणि पारदर्शक चिकटपट्टी. कार्ड फटीतून ओढायचं, म्हणजे आतलं बाहेर येतं. काही हललं तर चिकटपट्टीने उचलायचं, चिरडायचं नाही, कारण पुरावा लागतो. शोधायचं काय, तर काळे ठिपके, टाकलेली कात, अंडी. ठिपका ओल्या कापडाने पुसला आणि तांबूस-तपकिरी फरांटा उठला तर तो ढेकणाचाच. सुरुवातीलाच आम्ही जुने सगळे डाग पुसून काढले होते. ते राहिले असते तर दर रविवारी तेच डाग पाहून धडधडलं असतं. डाग पुसलेल्या जागी नवा ठिपका दिसला तर तो आत्ताचा, हे लगेच कळतं.

चावण्यावरून मात्र काही ठरवता येत नाही. माझ्या हातावर गांधी उठायच्या, नवऱ्याच्या अंगावर एकही खूण नाही. तो म्हणायचा, मला चावतच नाहीत. चावत होते, काही माणसांच्या कातडीवर काही उमटतच नाही, आणि काहींना चावल्यानंतर कित्येक दिवसांनी उमटतं. उलट फवारणीनंतर डास चावला तरी मला ढेकूणच वाटायचा. रात्री दोन वाजता दिवा लावून चादर उलटीपालटी करायची, काही सापडायचं नाही, आणि सकाळी शाळेत शिकवताना मुलांसमोर डोळे मिटायचे. ज्यांनी हे भोगलं आहे त्यांना कळेल की हा मनाचा कमकुवतपणा नसतो. झोपेच्या जागेचा विश्वास उडतो. मला उपयोग झाला तो रविवारच्या नेमाचा. बाकीचे दिवस शोधायचं नाही, रविवारी नीट शोधायचं, आणि जे दिसलं ते वहीत लिहायचं. ‘काही नाही’ हेही लिहायचं. वहीत ‘काही नाही’च्या ओळी वाढत गेल्या तसतशी झोप परत आली.

मग एका रविवारी भिंतीकडच्या वाडग्यात एक पिल्लू मिळालं. बुडालेलं, पोट लाल. माझ्या पोटात गोळा आला, पण नीट बघितल्यावर त्याच एका पिल्लाने बरंच सांगितलं. ते पलंगातून उतरताना नाही, बाहेरून येताना पडलेलं असणार, कारण पलंगाच्या फटी, गादी, चादर सगळं स्वच्छ होतं. पोटात रक्त होतं आणि आम्हा दोघांच्याही पलंगावर ते पोचलेलं दिसत नव्हतं, म्हणजे ते दुसरीकडे कुठेतरी जेवून आलेलं असणार. भिंतीकडच्या पायाच्या वर एक वायरिंगची पट्टी जाते, प्लास्टिकचं केसिंग. जुन्या घरांत वायर भिंतीच्या आत नसते, अशा पट्टीतून नेलेली असते. नवऱ्याने मेन स्विच बंद केला, पट्टीचं झाकण काढलं. आत कात, काळे ठिपके, आणि शेवटी भिंतीत जाणारं भोक. भिंतीच्या पलीकडे शेजारच्यांची झोपायची खोली.

गॅरंटीत तिसरी फेरी होती, ती मी मागवली. दादांनी पट्टीत कोरडी पावडर भरली. विजेच्या ठिकाणी ओलं औषध मारायचं नसतं. भोक आम्ही व्हाइट सिमेंटने बुजवून घेतलं. पण एवढ्याने भागणार नव्हतं. एका भिंतीत किती भोकं असतात हे कोणाला दिसतं?

शेजारच्या वहिनींकडे जायचं मी दोन दिवस पुढे ढकललं. आपण पंधरा वर्षं साखर-विरजण देतो-घेतो त्या माणसाला ‘तुमच्याकडे ढेकूण आहेत का’ असं विचारायचं कसं? शेवटी मी आमच्यापासून सुरुवात केली. “वहिनी, आमच्याकडे ढेकूण झाले होते. फवारणी करून घेतली. पण तुमच्या-आमच्या भिंतीतल्या पट्टीत परत पिल्लू सापडलं. तुम्हाला काही जाणवतंय का?” त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी मला आत घेतलं, दार लावलं आणि बाह्या वर केल्या. उकाड्यातही त्या पूर्ण बाह्यांचे ब्लाउज का घालत होत्या ते मला त्या दिवशी कळलं. कित्येक महिने त्या एकट्याच रात्री उठून स्प्रे मारत होत्या. “सांगायचं कुणाला? मुलीचं बघायचं चाललंय. घरात ढेकूण आहेत म्हटलं तर माणसं काय म्हणतील?” कोणाकडून कोणाकडे आले हे आपण ठरवायचं नाही, असं आम्ही दोघींनी तिथेच ठरवलं.

ढेकूण घाणीमुळे होत नाहीत. त्याला कचरा लागत नाही, माणसाचं रक्त लागतं, आणि ते चकचकीत घरातही तेवढंच असतं. पसारा असला तर लपायला जागा जास्त मिळते आणि शोधणं अवघड जातं, इतकाच त्याचा संबंध. तो आपल्याला चावून कुठला रोग देतो असंही आढळलेलं नाही. तरी लाज आहेच, आणि ती लाज त्याला महिनोन्‌महिने सुखाने वाढू देते. वहिनींनी मला आधी सांगितलं असतं, मी त्यांना आधी विचारलं असतं, तर दोन्ही घरांची एक-एक फेरी वाचली असती.

सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना आम्ही दोघींनी मिळून गाठलं. त्यांचं म्हणणं, हे बाहेर गेलं तर भाडेकरू येणार नाहीत, फ्लॅटचे भाव पडतील, तुम्ही आपापलं उरका. मी त्यांना पट्टी दाखवली. ही वर जाते, खाली जाते, आपापलं कसं उरकणार? शेवटी ठरलं की नोटीस लावायची नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, पण आमच्या दोन घरांच्या वर, खाली आणि पलीकडे अशा सगळ्या घरांची तपासणी एकत्र करायची आणि एकाच फवारणीवाल्याशी बोलून दर कमी करून घ्यायचा. तिसऱ्या मजल्यावरचे काका काही केल्या दार उघडायला तयार नव्हते. मी दोनदा परत आले. मग सासूबाई जिना चढून गेल्या, त्यांच्या हॉलमध्ये बसल्या आणि त्यांना गिरगावातली खाट आपटायची सकाळ सांगितली. काका भायखळ्याच्या चाळीत वाढलेले निघाले. तासाभराने त्यांनीच स्वतःचा दिवाण ओढून दाखवला. त्यांच्याकडे काही नव्हतं, पण भिंतीतलं भोक होतं, ते बुजवलं.

सगळं बोलणं असं गोड झालं नाही. तळमजल्यावर कॉलेजची मुलं भाड्याने राहतात. ‘त्यांनीच आणले असणार’ असं दोघा-तिघांनी उघड म्हटलं. त्यांच्या खोलीत काहीही सापडलं नाही. आमच्या ताईंच्या बाबतीत मला जास्त वाईट वाटलं. एका घराने त्यांना ‘महिनाभर येऊ नका’ सांगितलं. ढेकूण त्यांनी आणलेले नव्हते. उलट आमच्या घरातून त्यांच्या पिशवीत, त्यांच्या घरी जायची भीती जास्त होती. त्यांची पिशवी आणि ओढणी अडकवायला मी दाराबाहेर खुंटी लावली आणि त्यांच्या घरी काही दिसलं तर फवारणीचा खर्च आमचा, हे त्यांना आणि त्या घरालाही सांगितलं. ज्याच्या घरात काम करून माणूस पोट भरतो त्या घराची ही जबाबदारी आहे, असं मला वाटतं.

बाहेरून येणाऱ्या वस्तूंचा नियम त्या काळात बसला तो अजून आहे. जुनं फर्निचर, जुनी गादी, कुणाचा ‘अगदी नव्यासारखा’ सोफा घरात येत नाही. मुलगा हॉस्टेलवरून आला की बॅग बाल्कनीतच उघडायची, कपडे थेट 60 अंशांच्या पाण्यात, रिकामी बॅग काळ्या पिशवीत उन्हात, आणि बॅगेच्या शिवणी व चाकांजवळची जागा टॉर्चने बघायची. पहिल्यांदा तो नाराज झाला. मग त्यानेच हॉस्टेलच्या खोलीत आपल्या कॉटच्या पायांना वाडगे लावले, आणि आता त्याच्या मजल्यावर बाकीचेही लावतात. आम्ही लॉजवर उतरलो की सामान आधी बाथरूममध्ये ठेवतो, चादर उचलून गादीचे कोपरे आणि पलंगाची डोक्याकडची फळी बघतो, मगच बॅग उघडतो. लांबच्या गाडीने आलो की अंगावरचे कपडे पलंगावर टाकत नाही.

सगळ्यात नाजूक प्रश्न पाहुण्यांचा. मी त्यांना काही विचारत नाही. त्यांचं सामान ठेवायला हॉलमध्ये लोखंडी स्टँड केला आहे, भिंतीपासून आणि सोफ्यापासून दूर, आणि ते गेले की त्यांच्या चादरी गरम पाण्यात जातात.

तीन महिने वाडग्यांत, फटींत, पट्टीत कुठेच काही मिळालं नाही, तेव्हा फवारणीच्या दादांनी कागदावर सही केली. वाडगे मी अजून काढलेले नाहीत आणि गादीचं आवरण वर्ष होईपर्यंत निघणार नाही. रविवारची तपासणी आता पंधरवड्याची झाली आहे. वहिनींनी त्यांच्या पलंगालाही लोखंडी पाय लावून घेतले, त्याच सुताराकडून. दिवाळीच्या साफसफाईत वायरिंगच्या पट्ट्या परत उघडायच्या आहेत. त्या दिवशी या सगळ्या घरांनी एकदमच मेन स्विच बंद करायचा, असं ठरलं आहे, आणि इलेक्ट्रिशियनला आत्ताच सांगून ठेवलं आहे.